होडी तिथीवर सोडावी

आम्ही मालवण तालुक्यातल्या, कर्ली खाडीकाठच्या बाया. पाहुण्यांना होडीतून खाडी दाखवायची आणि घरचं जेवण वाढायचं, हे आमच्या बचत गटाचं काम. तुमच्यापैकी कुणाच्या मनात असं काही असेल तर पहिली गोष्ट ऐका. होडीची वेळ घड्याळावर लावू नका, तिथीवर लावा.

कर्ली नदी समुद्राजवळ येऊनही लगेच त्याला मिळत नाही. तारकर्ली-देवबागच्या वाळूच्या पट्ट्याआडून ती दक्षिणेला जाते आणि देवबागच्या टोकाला, भोगव्यासमोर, समुद्राला मिळते. आमची फेरी याच पाण्यातून. थांबे तीन: कांदळवन, संगमाजवळचा वाळूचा दांडा आणि जेवणाचा धक्का. थांबे तेच, क्रम मात्र बदलतो.

हिशेब आपल्या आज्ज्यांचाच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. मग नऊला निघायचं, चरांत पाणी आहे तोवर कांदळवन दाखवायचं, बाराला दांड्यावर उतरायचं, मग जेवण. पुनवेला उलट. भर दुपारी भरती, दांडा पाण्याखाली. त्या दिवशी जेवण आधी, होडी दोनला आणि दांडा साडेचार-पाचला. घावणे आणि सोलकढी जिच्याकडे, तिनंही सकाळी भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं!

रविवारी फोन येतात, "अकरालाच दांड्यावर न्या, नाहीतर दुसरी होडी बघतो." पुनवेचा रविवार असेल तर आम्ही नाही म्हणतो. यावरून गटात वाद होतात. एक फेरी गेली की महिन्याच्या वाटणीत कळतं, आणि जिचं घर त्यावरच चालतं तिला ते जड जातं. तरी नाहीच. उधाणाच्या दिवसांत संगमावर पाण्याला फार ओढ असते. गुडघाभर पाण्यात फोटो काढणाऱ्याचाही पाय सुटतो. म्हणून दांड्यावर अर्धाच तास, पाणी फिरलं की सगळे होडीत. जाकीट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यालाही.

कांदळवनात मात्र घाई करू नये. तिवराचं पान चाटायला द्या, खारट लागतं. खाऱ्या पाण्यातलं जास्तीचं मीठ ते झाड पानावाटे बाहेर टाकतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, शेंगेसारखं लोंबतं आणि ओहोटीला पडलं तर चिखलात उभं रुततं. पांढरी चिपी तर २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे. तिचं फूल रात्री उमलतं, त्यामुळे दिवसा येणाऱ्याला गळलेले केसर तेवढे दिसतात. हे सांगायला बाहेरचा गाइड कशाला? तिसऱ्या नि कालवं काढत आम्ही याच चिखलात वाढलो.

पावसाळ्यात फेरी बंद. त्यानंतर तुमच्या गटाला सहलीला यायचं असेल तर अष्टमीच्या आसपासचा दिवस धरा. भांगाचं पाणी असतं. वाळू थोडी कमी उघडी पडते, पण ओढही कमी, लहान मुलं सोबत असली तर तेच बरं. आणि अनवाणी उतरू नका, कालवांच्या धारेनं तळवा चिरतो.