वर्गखोल्यांच्या विजेचा ताळेबंद

विद्यापीठाच्या वर्गखोल्यांच्या इमारतीत वीज काटकसरीने वापरली जाते की नाही, हे कशावरून ठरवावे? पुष्कळजण म्हणतील, बिलावरून. परंतु नुसते बिल म्हणजे एकूण गुण न छापलेली गुणपत्रिकाच होय. विद्यार्थ्यास साठ गुण मिळाले एवढे सांगून भागत नाही; ते शंभरांपैकी की दीडशेंपैकी, आणि इतरांना किती मिळाले, हेही सांगावे लागते.

म्हणून वर्षभरात वापरलेल्या युनिटांना इमारतीच्या क्षेत्रफळाने भागावयाचे. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट होते. दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिटे लागली, या आकड्यास ऊर्जा निर्देशांक म्हणू. केंद्र सरकारने २००७ साली मोठ्या नव्या इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता काढली. २०१७ साली सुधारलेल्या संहितेत अशाच निर्देशांकाचा आधार घेतला आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २००८ पासून मोठ्या सार्वजनिक इमारतींत ऊर्जेच्या वापराचे प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावे लागते. त्या प्रकारच्या सर्वसाधारण इमारतीचा वापर शंभर धरला, तर या इमारतीचा किती, हे येणाऱ्याजाणाऱ्यास तेथे वाचता येते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका इमारतीचा निर्देशांक ३० आहे, दुसरीचा २०. दुसरी सरस, असे आपण चटकन म्हणू. परंतु पहिलीत सकाळपासून रात्रीच्या वर्गापर्यंत बारा तास अध्यापन चालते आणि दुसरी सहा तासांनी बंद होते. वर्षात दोनशे दिवस काम धरले, तर पहिली २४०० तास वापरात असते, दुसरी १२०० तास. दर हजार तासांचा हिशेब केला की पहिलीस साडेबारा युनिटे लागतात आणि दुसरीस सुमारे १६.७. क्रम उलटा झाला! तेव्हा तुलना करताना वापराचे तास मांडलेच पाहिजेत.

हवामान आणि बांधणी यांचेही तसेच आहे. पणजीची दमट हवा व ग्वाल्हेरचा उन्हाळा यांना एकच माप लावणे अन्यायाचे होईल. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील कलाशाखेची घुमटाची इमारत रॉबर्ट चिझम यांनी एकोणिसाव्या शतकात आखली. त्या काळच्या जाड भिंती व उंच छत यांची तुलना काचेच्या दर्शनी भिंतीच्या वातानुकूलित इमारतीशी केली, तर बांधणीचा गुणदोष कळेल. वापरणाऱ्यांचा कळणार नाही. तो कळण्यास समान जातीच्या इमारतीच शेजारी ठेवाव्या लागतात.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ज्या वर्गात निम्मे पंखे बंद पडले आहेत आणि मागच्या बाकावर फळा दिसत नाही, त्या वर्गाचा निर्देशांक साहजिकच कमी येतो. ती बचत मुलांच्या घामाची व डोळ्यांची आहे. तिला कार्यक्षमता म्हणता येत नाही. पूर्वीचा सत्तर-पंचाहत्तर वॅटचा पंखा काढून सुमारे तीस वॅटचा नव्या मोटरीचा पंखा लावला आणि वारा तेवढाच राहिला, तर ती खरी कार्यक्षमता. म्हणून विजेच्या आकड्याशेजारी खोलीचे तापमान व बाकावरील उजेड यांचीही नोंद हवी.

यास फार मोठा खर्च लागत नाही. पुष्कळ ठिकाणी सबंध आवाराला एकच मीटर असतो; त्यात प्रयोगशाळा व वसतिगृह यांचा वापर मिसळून जातो. वर्गांच्या इमारतीस स्वतंत्र सबमीटर बसवावा. शनिवारी संध्याकाळी कुलूप लावताना आणि सोमवारी सकाळी ते उघडताना आकडा टिपावा. मधल्या वेळात रिकाम्या इमारतीने किती वीज घेतली, ते उघड होईल. पाणी थंड ठेवणारी यंत्रे, चालू राहिलेले संगणक, विसरलेले दिवे असे त्याचे धनी मग शोधता येतील.

हे काम विद्यार्थ्यांनीच करावे, असे मला वाटते. भागाकार त्यांना येतो, आणि उकाड्यात बसतातही तेच. वर्षअखेर त्यांनी आपल्या इमारतीचा निर्देशांक, वापराचे तास आणि वर्गातील तापमान ही तिन्ही प्रवेशद्वारापाशी फळ्यावर लिहावीत, आणि पुढच्या वर्षी त्याखाली नवे आकडे मांडावेत.