थॉमस चषक कसा आला?



आज पाटी थोडी बाजूला ठेवू. आज एका खेळाविषयी बोलायचे आहे. खेळ म्हणजे लेकरांचे काम, आम्हा मोठ्या माणसांना त्याचं काय, असे तुमच्यापैकी काहीजण म्हणतील. पण ही गोष्ट नुसती खेळाची नाही. ती शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची आहे. म्हणून या वर्गात ती सांगावी असे आम्हांस वाटले.

खेळाचे नाव बॅडमिंटन. 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद अशी जागा आखतात. मधोमध पाच फूट उंचीचे जाळे बांधतात. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंच्या हाती रॅकेट असते. चेंडूऐवजी शटल असते. बुचाला 16 पिसे लावलेली असतात, म्हणून पुष्कळजण त्याला फूल म्हणतात. त्याचे वजन पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनही कमी! आपल्या बाजूला फूल जमिनीला टेकू द्यायचे नाही. पलीकडे मात्र टेकवायचे. 21 गुण झाले की एक डाव होतो. तीनपैकी दोन डाव जिंकेल त्याचा सामना. एकास एक खेळले तर एकेरी. दोघांस दोघे खेळले तर दुहेरी.

नाव इंग्रजी असले तरी हा खेळ आपल्याला परका नाही. 1870 च्या सुमारास पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळत. तेव्हा त्याला 'पूना' असेच म्हणत. पुढे विलायतेत बॅडमिंटन नावाच्या एका मोठ्या वाड्यावरून त्याला आजचे नाव पडले.

आता आपल्या महाराष्ट्राच्या एका खेळाडूची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव नंदू नाटेकर. त्यांचा जन्म 1933 साली सांगलीला झाला. 1956 साली त्यांनी मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकली. परदेशात अशी मोठी स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला. पहिल्याच वर्षी तो त्यांना मिळाला. 2021 साली पुण्यात ते वारले.

देशादेशांच्या पुरुष संघांत एक चषक असतो. त्याला थॉमस चषक म्हणतात. 1949 पासून तो दिला जातो. नाटेकर या चषकासाठी बारा वर्षे भारतातर्फे खेळले. एकेरीच्या 16 सामन्यांपैकी 12 त्यांनी जिंकले. तरी चषक आला नाही. का बरं आला नाही? तेव्हा दोन देशांच्या लढतीत नऊ सामने असत. आता पाच असतात, तीन एकेरीचे आणि दोन दुहेरीचे. एकटा माणूस आपला सामना जिंकील. बाकीचे कोण जिंकणार? एका बैलाने पाभर ओढली जात नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. गाव करील ते राव काय करील, असे आपण म्हणतो ते याचसाठी.

पुढे 1980 साली बंगळूरचे प्रकाश पदुकोण यांनी विलायतेतील ऑल इंग्लंड ही जुनी आणि मानाची स्पर्धा जिंकली. नाव झाले, मान मिळाला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. 1994 साली त्यांनी सोबत्यांसह बंगळुरात बॅडमिंटन शिकवणारी संस्था काढली. तिथे पुल्लेला गोपीचंद नावाचा तरुण शिकला. त्याच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली. शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. तरी तो पुन्हा उभा राहिला, आणि 2001 साली त्यानेही तीच ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली.

मग गोपीचंद यांनी काय केले? गुरूने केले तेच. हैदराबादेस शिकवण्याची संस्था काढली. जागा सरकारने दिली, पण पैसा अपुरा पडला. तेव्हा त्यांनी राहते घर गहाण ठेवले. घर गहाण ठेवणे म्हणजे काय, हे सावकाराच्या दारात गेलेल्या माणसाला ठाऊक असते. त्यांच्या हाताखाली सायना नेहवाल तयार झाली. तिने 2012 च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. पी. व्ही. सिंधू तयार झाली. तिने 2016 साली रौप्यपदक मिळवले. 2021 साली तोकियोत सिंधूला कांस्यपदकही मिळाले.

अशी तीस-चाळीस वर्षे मशागत झाली. मग पीक आले. मे 2022 मध्ये थायलंडच्या बँकॉक शहरात थॉमस चषकाच्या लढती झाल्या. बहुतेक खेळाडू याच दोन संस्थांमधून शिकलेले होते. मलेशियाशी लढत 2-2 अशी बरोबरीत आली. शेवटचा सामना एच. एस. प्रणॉय याने जिंकला. पुढे डेन्मार्कशीही 2-2 झाले. पुन्हा प्रणॉयच्याच खांद्यावर भार आला. खेळता खेळता तो घसरला आणि त्याचा घोटा दुखावला. पहिला डाव हातचा गेला. पण त्याने माघार घेतली नाही. राहिलेले दोन्ही डाव त्याने जिंकले. भारत प्रथमच अंतिम फेरीत पोचला.

अंतिम लढत 15 मे रोजी झाली. समोर इंडोनेशिया होता. त्याने हा चषक चौदा वेळा जिंकलेला. पहिला सामना लक्ष्य सेन खेळला. पहिला डाव तो 8-21 असा हरला, आणि तरी सामना जिंकला. दुसऱ्या सामन्यात दुहेरीची जोडी उतरली. आंध्रचा सात्विकसाईराज आणि आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी. पहिला डाव त्यांनीही गमावला. दुसऱ्यात तर हार एका गुणावर येऊन ठेपली होती. तिथून त्यांनी तो डाव 23-21 असा ओढून आणला, आणि तिसरा 21-19 असा जिंकला. एकाने मागे सरावे, दुसऱ्याने पुढे यावे, अशी त्यांची चाल. जुळलेली बैलजोडीच म्हणा ना! मग किदांबी श्रीकांतने तिसरा सामना जिंकला. 3-0. चषक भारताचा झाला. ज्या प्रणॉयने दोनदा संघाला तारले, त्याच्यावर त्या दिवशी खेळायची वेळच आली नाही. पण त्याच्यावाचून तो दिवस उजाडला असता का?

आता मुलींचे ऐका. फेब्रुवारी 2024 मध्ये मलेशियात आशियातील संघांची स्पर्धा झाली. अंतिम लढतीत थायलंडशी 2-2 झाले. शेवटच्या सामन्याला अनमोल खरब ही मुलगी उभी राहिली. वय अवघे सतरा. तिने दोन सरळ डावांत सामना जिंकला. ही स्पर्धा भारताच्या मुलींनी प्रथमच जिंकली.

मंडळी, तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे सगळे हैदराबाद-बंगळुरात. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात काय? खरे आहे. फूल वाऱ्याने भरकटते, म्हणून या खेळाला बंद हॉल लागतो. आपल्या गावोगावी तो कुठून असणार? पण खो-खोला, कबड्डीला, धावण्याला नुसते मैदान पुरते.

अडचण मैदानाची नाही. आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत घालवली. पळण्यात पोरांना मागे टाकणारी मुलगी सातवीनंतर मैदानावर दिसेनाशी होते, हे आम्ही वारंवार पाहिले. आईबापाला विचारले की उत्तर ठरलेले. आता मोठी झाली, धाकट्याला सांभाळील, कापूस वेचायला येईल. संसाराची ओढाताण आम्ही जाणतो. पण सतरा वर्षांच्या त्या मुलीलाही कुणीतरी घरातून मैदानावर पाठवलेच होते ना? लेकीला रोज एक तास मोकळा द्या. चषक येईल असे आम्ही म्हणत नाही. अंगात बळ येईल, चार मुलींबरोबर मिळून हरायला नि जिंकायला ती शिकेल. एवढे थोडे आहे का?

आणि एक काम तुमच्यासाठी. पदुकोण शिकले, त्यांनी शिकवले. गोपीचंद शिकले, त्यांनी शिकवले. तुम्हीही या वर्गात अक्षरे शिकलात. तुमच्या शेजारी अजून अंगठा उठवणारे कुणी असेल. उद्या येताना त्यांतल्या एकाला हाताला धरून घेऊन या.