विनोदलेखकाची उमेदवारी



दूरचित्रवाणीसाठी विनोदी लेखन करावे, अशी आकांक्षा श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावातील एखाद्या तरुणाने बोलून दाखविली, तर त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुंबईत ओळखीचे कोण आहे? प्रश्न कुत्सित वाटला तरी तो चुकीचा नाही. ओळख ही या धंद्यातील भांडवलाचीच एक जात आहे. मात्र हे भांडवल कोठे साठते आणि ज्याच्यापाशी ते नाही त्याने ते कसे उभारावे, याचा विचार नशिबावर सोडून देण्याचे कारण नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच दशकात चि. वि. जोशी यांच्या कथांवरील 'चिमणराव' ही मालिका गाजली. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ घराघरांत नेले. ते हास्य निर्मळ होते. पण त्याचे बिऱ्हाड पांढरपेशा मध्यमवर्गात होते. माळशिरस तालुक्यातला फड किंवा पंढरीची वाट त्या बिऱ्हाडाच्या खिडकीतून दिसत नव्हती.

ग्रामीण आणि कामकरी माणसाचा विनोद त्याच सुमारास दुसऱ्या वाटेने रंगभूमीवर आणि चित्रपटात आला होता, आणि ती वाट या साप्ताहिकाच्या वाचकांना परकी नाही. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाच्या संस्कारात वाढलेले कलावंत. त्यांपैकी कोणाच्याही घरी चित्रपटसृष्टीची ओळख नांदत नव्हती. वसंत सबनीस यांचा जन्म सोलापूरचा. त्यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५च्या वगनाट्याने कोंडक्यांना महाराष्ट्रभर नेले. कलापथकाने या मंडळींना पैसा फारसा दिला नाही. त्याने दिली ती चुकण्याची मुभा. काल एका गावात पडलेले वाक्य आज दुसऱ्या गावात बदलून पाहता येत असे. विनोद हा असा माल आहे की त्याची पारख कागदावर होत नाही; समोरचा माणूस हसला किंवा हसला नाही, एवढाच त्याचा काटा.

आजच्या वाहिन्यांचे दार बंद का वाटते, याचे उत्तर येथेच आहे. 'चला हवा येऊ द्या' २०१४ मध्ये आले, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ मध्ये. या कार्यक्रमांत लेखक आणि नट यांच्यातील भिंत पातळ आहे; समीर चौघुले, प्रसाद खांडेकर लिहितातही आणि रंगमंचावर उभेही राहतात. अनोळखी माणसाने पाठविलेले बाड वाचून ते हसवील की नाही, हे निर्मात्याला सांगता येत नाही. म्हणून ज्याच्या वाक्याला लोक हसताना त्याने पाहिले आहे, त्यालाच तो बोलावतो. ओळख म्हणजे अशी साक्ष. ही साक्ष वशिल्याने मिळते, तशी प्रयोगानेही मिळते. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून आहे, पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून. सोलापूर विद्यापीठाची स्थापना २००४ची. त्याच्या युवा महोत्सवात प्रहसनाला स्थान आहे.

तथापि एवढ्याने विषमता मिटत नाही. मुंबईत ज्याच्या आईवडिलांचे घर आहे तो तरुण दोन वर्षे बिनपगारी लिहू शकतो. ज्याला खोलीचे भाडे भरून गावी पैसे पाठवायचे आहेत, तो सहा महिन्यांत परततो. मग म्हटले जाते की त्याच्यात गुण नव्हता. वस्तुतः येथे निवड गुणाची होत नाही, थांबण्याच्या ऐपतीची होते.

नुकसान त्या एकट्या तरुणाचे नाही. काट्यावर उसाचे वजन का घटते, उचल घेतलेला मुकादम कोणत्या रात्री नाहीसा होतो, यावर फडात जे हशे पिकतात ते सोसलेल्या माणसाचे हशे आहेत. ते लिहिणारा पडद्यापर्यंत पोहोचला नाही तर शहरात बसून रचलेला गावंढळ तेवढा उरतो : धोतर, दारू आणि अडाणीपणा. गावाने स्वतःलाच त्या रूपात पाहून हसावे, हा यातला सर्वांत वाईट भाग. मराठवाड्यातून आलेल्या अरविंद जगताप यांनी 'चला हवा येऊ द्या'मधील पोस्टमनसाठी लिहिलेली पत्रे याला सन्मान्य अपवाद ठरली. थट्टेच्या कार्यक्रमात शेतकऱ्याचे दुःख उभे राहिले आणि प्रेक्षकाने वाहिनी बदलली नाही.

कायद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण नवखा लेखक लुबाडला जातो तो येथे. कल्पनेवर मालकी नसते, शब्दबद्ध मांडणीवर असते. दिल्लीचे नाटककार आर. जी. आनंद यांनी आपल्या नाटकावरून चित्रपट उचलला गेला असा दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच तत्त्व सांगून तो फेटाळला. तेव्हा चहाच्या टपरीवर कल्पना सांगत फिरण्याऐवजी पूर्ण संहिता लिहावी. पटकथालेखकांची मुंबईतील संघटना १९६० पासून नोंदणीकृत कामगार संघटना आहे. ती संहितांची नोंद करून घेते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतर लेखीच व्हावे लागते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. हे कलम पाठ असलेल्या लेखकाशी बोलताना समोरच्याचा सूर थोडा बदलतो.

कार्यकर्त्यांना करता येण्याजोगे काम यापेक्षा साधे आहे. युवा महोत्सवात दर वर्षी प्रहसने होतात, मंडप उतरतो आणि वह्या रद्दीत जातात. त्या वह्या मागवून घ्याव्यात. महाळुंग, अकलूज, पंढरपूर येथल्या वाचनालयांत महिन्यातून एक संध्याकाळ त्यांच्या वाचनाला द्यावी. ऐकायला प्राध्यापक थोडे आणि ट्रॅक्टरवाले अधिक बोलवावेत. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवाल्यांना सवड नसते. म्हणून पहिली बैठक दिवाळीपूर्वीच घ्यावी.