न टोचता, न रडवता

(वसंत व्याख्यानमालेत टी. नरसीपूर येथे दिलेले व्याख्यान)

सकाळी इथल्या नद्यांच्या संगमावर जाऊन आलो. घाटाच्या पायरीवर एक आजी बसली होती, मांडीवर दीड-दोन महिन्यांचं बाळ. मधूनमधून ती त्याच्या नाकापाशी आडवं बोट धरी आणि पुन्हा गप्पांना लागे. मला कन्नड जेमतेम येतं, पण ते बोट काय विचारत होतं ते कळलं. मुलांचा डॉक्टर म्हणून मी जन्मभर तेच विचारत आलो.

मोठ्या माणसाला विचारता येतं, कुठं दुखतंय? बाळ नुसतं रडतं; फार आजारी झालं की तेही सोडून देतं. मग आम्ही सुई काढतो. आता हिशोब बघा. हजार ग्रॅम वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ऐंशी-नव्वद मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे एक कटिंग चहा. त्यातला एक मिलिलिटर तपासणीला काढला, तर तुमच्या-माझ्या अंगातून पन्नासएक मिलिलिटर काढल्यासारखं झालं. कातडी इतकी नाजूक, की यंत्राच्या तारा चिकटवायची पट्टी काढताना सालटंही निघतं. तेव्हा न टोचता मोजणं ही चैन नाही.

बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा पल्स ऑक्सिमीटर करोनात घरोघरी पोचला. त्याच्या मुळाशी जपानचे ताकुओ आओयागी. त्यांना मोजायचं होतं वेगळंच: रक्तात रंग सोडून, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून, हृदय किती रक्त ढकलतं ते. पण नाडीच्या ठोक्यांनी आलेख सारखा थरथरे. ती थरथर पुसायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं, की रक्तातल्या प्राणवायूचं गणित तिच्यातच आहे. हे 1974 च्या सुमाराचं. बाळाच्या बाबतीत तेच यंत्र पट्टीसारखं तळपायाला गुंडाळतात. बाळ पाय झाडतं आणि यंत्र उगीच बोंबलतं. शिवाय 2020 साली अमेरिकेत दिसून आलं, की काळ्या रुग्णांमध्ये प्राणवायू खरोखर कमी असतानाही हे यंत्र बरेचदा ‘ठीक आहे’ म्हणतं. मुख्यतः गोऱ्या कातडीवर जुळवलेलं यंत्र आपल्या सावळ्या बाळांवर पुन्हा तपासून घ्यायला नको का?

म्हैसूरजवळ बोलतो आहे, तर तिथल्या श्रवण संस्थेमुळे कानाचं सांगायलाच हवं. 1978 मध्ये लंडनला डेव्हिड केम्प यांनी दाखवलं, की निरोगी कान नुसता ऐकत नाही, स्वतःही बारीक आवाज करतो. बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवायची, तिच्यातून टिकटिक सोडायची आणि आतून उत्तर येतं का ते बोंडीतल्याच मायक्रोफोनने ऐकायचं. बाळ झोपलेलं असेल तर उत्तम! ‘आकाशवाणी’ हे नाव 1935 च्या सुमारास म्हैसूरच्याच गोपालस्वामींच्या खासगी रेडिओ केंद्राला मिळालं होतं. कानाच्या या प्रक्षेपणालाही ते शोभलं असतं. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था नवजात बाळांची अशी तपासणी करते. बहिरेपण तिसऱ्या वर्षी कळणं आणि तिसऱ्या महिन्यात कळणं, यांच्यामध्ये त्या मुलाची सगळी भाषा असते.

कान झाला, आता ऊब. बेंगळुरूच्या बेंपू कंपनीने कमी वजनाच्या बाळांसाठी मनगटाला बांधायचा पट्टा काढला. अंग पुरेसं उबदार असेल तर निळा दिवा. अंगाचं तापमान साडेछत्तीस अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं, की नारिंगी दिवा आणि आवाज. आकडा नाहीच. आईने बाळाला उराशी घ्यायचं, एवढाच त्याचा निरोप. मला हा पट्टा आवडतो, कारण तो डॉक्टरशी बोलत नाही.

पण माझं खरं आवडतं यंत्र याहूनही गरीब आहे आणि ते गडचिरोलीचं आहे. 1986 मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे गेले. तान्ही मुलं न्यूमोनियाने जात. विदर्भात त्याला ‘डब्बा’ म्हणतात, आणि पोट उडायला लागलं की आया ओळखतात. औषध स्वस्त होतं. पण द्यायचं कोणाला, हे ठरवायला श्वास किती जलद चालतो ते मोजायला हवं. डॉक्टर कोसांवर आणि गावात असलेल्या सुईणीला पन्नासपर्यंत मोजता येत नाही. मग त्यांनी श्वासमापक केला: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. सुईणीने दहापर्यंतच मोजायचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. वयाप्रमाणे मण्यांच्या दोन ओळी. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर डब्बा. वीज नाही, सेल नाही, अक्षरही नाही. यंत्र बनवणारा हुशार असतोच. पण हातात धरणारी बाई कुठपर्यंत मोजू शकते हे आधी जाऊन विचारणारा विरळा.

तुमच्याकडे वाळूचं घड्याळ नसेल, मोबाइल आहे. सर्दी-खोकला झालेलं बाळ शांत असताना, पीत किंवा रडत नसताना, अंगडं वर करा आणि पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका. तान्ही बाळं मध्येच श्वास रोखतात. दोन महिन्यांच्या आत साठ, वर्षाच्या आत पन्नास, पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस. आकडा तेवढा किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. तोच आला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री निघा.