सर्किटातून उमटणारा पहिला सा

तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्कात आणि भोवतालच्या वर्कशॉपांत सोल्डरिंगची ओळख असलेले हात पुष्कळ आहेत. त्याच हातांनी एक छोटं वाद्य घडवता येईल.

सुरुवात 555 टायमर या आयसीने करा. हान्स कामेनझिंड यांनी 1971 साली त्याची रचना केली. आज तो अगदी स्वस्तात मिळतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सगळं सामान मिळेल. ब्रेडबोर्ड घ्या, म्हणजे सोल्डरिंगशिवाय जोडणी होते.

या टायमरच्या सर्किटात कपॅसिटर सतत भरतो आणि रिकामा होतो. ही आवर्तनं सेकंदाला जितकी जास्त, तितका स्वर उंच. 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आयसीच्या पिन क्रमांक आठ ते सातमध्ये 1 किलोओहमचा आणि सात ते सहामध्ये 27 किलोओहमचा रेझिस्टर लावला, की सुमारे 262 हर्ट्झचा स्वर येतो. ही पेटीची पांढरी एक. 27च्या जागी 18 किलोओहम लावा, स्वर पंचमाच्या जवळ जाईल. सुट्या भागांच्या मूल्यांत थोडा फरक असतोच, म्हणून प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) जोडून पेटीशी स्वर जुळवा.

वीज मात्र 9 व्होल्टच्या बॅटरीचीच वापरा, घरातल्या प्लगला हात नको. बॅटरीची टोकं उलटी जोडली तर आयसी जळतो, तेवढं आधी तपासा. एक स्वर नीट लागला, की सात बटणं आणि सात प्रीसेट लावून पूर्ण सप्तक उभं करा.