आवाजातला इतिहास

मौखिक इतिहास म्हणजे घटनेतून गेलेल्या माणसाला प्रश्न विचारून त्याच्याच आवाजात मुद्रित केलेली साक्ष. ज्यांच्याविषयी कागदपत्रे फारशी उरत नाहीत, त्यांचा इतिहास पुष्कळदा याच वाटेने हाती लागतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या १९८९ सालच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकातून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रिया स्वतः बोलल्या. मुंबईच्या गिरणगावाचा असाच इतिहास नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ साली इंग्रजीत आणला.

मुलाखतीची खरी मेहनत ती सुरू होण्याआधीची. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, हे विचारणाऱ्याला आधीच ठाऊक हवे. त्यासाठी कामगाराला शिणवायचे नसते. ‘संपाबद्दल काय वाटते?’ असे विचारले की भाषण मिळते. ‘पगार थांबल्यावर घरातले आधी काय विकले?’ असे विचारले की आठवण निघते. बोलणारा थांबला तर लगेच पुढचा प्रश्न पुढे करू नये. मोलाचे बरेचसे त्या थांब्यानंतरच येते.

सांगणाऱ्याचे साल चुकले तर? तिथल्या तिथे दुरुस्ती करू नये. इटलीतल्या तेर्नी शहरात लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये निदर्शनाच्या वेळी पोलिसांच्या हातून मारला गेला. अनेकांनी मात्र तो १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात गेल्याचे सांगितले. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने ही चूक खोडली नाही, तिचा अर्थ लावला: नोकऱ्या जाण्याचा घाव मोठा होता, म्हणून लोकांनी तो मृत्यू तिथे नेऊन ठेवला. खरे साल टिपेत द्यावे, आवाज तसाच राहू द्यावा. मुलाखत उतरवून काढताना बोलीचे ‘शुद्ध’ मराठी करण्याची खोडही सोडावी. ती शिकलेल्यांनाच जास्त.

यंत्राचे काम सोपे. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर, आरंभी नाव, ठिकाण, तारीख. मुद्रण वेव्ह फाइलमध्ये करावे. एमपी-३ मध्ये ध्वनीचा काही अंश कायमचा गळतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो अशा तासाभराच्या मुद्रणाला सुमारे अर्धा जीबी जागा लागते. मूळ फाइलला कात्री लावू नये. प्रती तीन ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावी. वापराची संमती लेखी घ्यावी आणि एखादा भाग हयातीत उघड करू नये असे सांगणाऱ्याने म्हटले, तर ते पाळावे.

घरात आजी-आजोबांच्या आवाजाच्या कॅसेट असतील, तर मागच्या कडेच्या प्लास्टिकच्या दोन्ही छोट्या पट्ट्या आधी मोडून टाकाव्यात. मग चुकून त्यावर दुसरे काही मुद्रित होत नाही.