सुगरणीचं घर आणि सलीम अलींची वाट

जव्हार-मोखाड्याच्या मित्रांनो आणि मैत्रिणींनो,

आज डॉ. सलीम अलींबद्दल बोलतो. पाठ्यपुस्तकात ते 'पक्षीतज्ज्ञ' म्हणून भेटतात आणि परीक्षा संपली की आपण त्यांना विसरतो. मला ते जवळचे वाटतात, कारण तिशी ओलांडल्यावर त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो आपल्या घराघरांत आहे : नोकरी, की मनाजोगतं काम?

१८९६ साली मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडील लवकर गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी सांभाळलं. घर खाऊनपिऊन सुखी होतं. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना ३५० रुपये पगाराची नोकरी लागली. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला शिकायला गेले. १९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती. विद्यापीठाची पदवीही जवळ नव्हती.

अशा वेळी आपल्याकडे काय म्हणतात, तुम्हाला माहीत आहे. "मिळेल ती नोकरी धर." सलीम अली आणि त्यांच्या पत्नी तहमीना अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे सलीम अली सुगरणीची घरटी बघत बसले. नाव सुगरण, पण घर विणतो नर! तो अर्धवट घर बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच राहते. मग हे महाशय दुसऱ्या घराला लागतात. ही घरटी आपल्या विहिरींवरही लटकतात. त्यांच्याकडे इतका वेळ कोणी पाहिलं होतं?

पुढे त्यांनी संस्थानांना सांगितलं : मला पगार नको, प्रवासाचा आणि तंबूचा खर्च द्या; मी तुमच्या मुलखातले पक्षी नोंदवतो. इंग्लंडमध्ये शिकलेल्या तहमीनाही त्यांच्यासोबत रानोमाळ हिंडल्या. १९३९ मध्ये त्या गेल्या. या वाटेचं श्रेय एकट्या सलीम अलींना देऊ नका.

आता माझं सांगतो. मी जव्हारचा. शीक आणि मुंबई गाठ, एवढंच ऐकत वाढलो. गाठलीही. सलीम अली वाचले की माझा हेवा जागा होतो, आणि एक शंकाही येते. दिवाळीनंतर मोखाड्याचे आदिवासी बांधव वीटभट्टीवर निघतात. त्यांनी रान सोडलं तर ती मजबुरी, आणि शहरवाल्याने सुख सोडून रान धरलं तर ते साहस! सुख सोडायला आधी ते असावं लागतं. म्हणून 'सगळं सोडा' असं मी तुम्हाला सांगणार नाही. घरी कमावणारे तुम्ही एकटे असाल, तर मुळीच नाही.

पण पाहणं शिकायला राजीनामा लागत नाही. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर शंभरहून अधिक वर्षं कोणाला सापडलं नव्हतं. ते १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसलं आणि २०१४ मध्ये आपल्या शेजारच्या तानसा अभयारण्यात. सलीम अली १९८७ मध्येच गेले होते. ज्या रानात हा पक्षी निघाला, त्याच्या उंबरठ्यावर तुम्ही राहता.

एक वही घ्या. तारीख, जागा, पक्षी लिहा. वारली, कातकरी मित्राला त्याचं त्याच्या भाषेतलं नाव विचारा आणि तेही लिहा. 'हे आपल्या लोकांचं काम नाही' असं कोणी म्हणालं, तर सलीम अलींचं नाव सांगा.